घड्याळ केव्हा सुरू करायचं?

नागपुरात हार्ट अटॅकवर उपचार मिळत नाहीत, असं कुणी म्हणणार नाही. धंतोली आणि रामदासपेठेत चार पावलं चाललं की रुग्णालयाची पाटी दिसते. मेडिकल आणि मेयो ही जुनी सरकारी रुग्णालयं आहेत, मेडिकलचं सुपर स्पेशालिटी आहे, मिहानमध्ये एम्स आहे. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच नव्हे, तर मध्य प्रदेशातल्या शिवनी, छिंदवाडा, बालाघाटचे रुग्णही इथेच येतात. पण छातीत कळ आलेला माणूस वाचेल की नाही, आणि वाचला तरी त्याचं हृदय पुढे किती ताकदीने चालेल, हे पाट्यांच्या संख्येवर ठरत नाही. हृदयाची रक्तवाहिनी बंद झाल्यापासून ती उघडेपर्यंत किती वेळ गेला, यावर ते ठरतं. तेवढा वेळ हृदयाचा स्नायू मरत असतो आणि मेलेला स्नायू परत येत नाही.

हा वेळ नेमका कुठे जातो, यावर डॉक्टरांमध्येच दोन तट आहेत. ते समोरासमोर यावेत म्हणून मी इथे दोन पात्रं उभी केली आहेत. काका नागपूरच्या महाल भागात चाळीस वर्षं दवाखाना चालवणारे फॅमिली डॉक्टर. त्याआधी त्यांनी उमरेड-भिवापूरकडे सरकारी नोकरी केलेली. पुतणी इमर्जन्सी मेडिसिन शिकलेली, शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात काम करणारी. पात्रं माझी आहेत. त्यांच्या तोंडचे आकडे आणि अभ्यास मात्र छापील नोंदींतले आहेत.

काका : बेटा, हल्ली रुग्णालयांच्या जाहिरातीत वाचतो, आमच्याकडे दारातून आत आल्यापासून साठ मिनिटांत अँजिओप्लास्टी. चांगलं आहे. पण त्या माणसाच्या हृदयाचा स्नायू काय तुमच्या दारात आल्यावर मरायला लागतो?

पुतणी : नाही ना. पण काका, दाराबाहेरचं माझ्या हातात नाही, आतलं सगळं आहे. रुग्ण आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे आणि डॉक्टरने तो पाहिला पाहिजे. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं तर तीस मिनिटांत. अँजिओप्लास्टी करायची तर नव्वद मिनिटांत वाहिनीत फुगा फुगला पाहिजे. हे नियम जगभर मान्य आहेत. आपल्याकडे कागदावर सगळ्यांनाच पाठ आहेत.

काका : आणि कागदाबाहेर?

पुतणी : कागदाबाहेर काय होतं ते सांगते. माणूस स्वतःच्या पायांनी चालत येतो. शर्ट घामाने भिजलेला, हात पोटाच्या वर ठेवलेला. सोबतचा मुलगा म्हणतो, रात्री सावजी खाल्लं, गॅस झालाय. दारातला माणूस म्हणतो, आधी केसपेपर काढून आणा. मुलगा खिडकीच्या रांगेत, बाप बाकावर. आत डॉक्टर अपघाताच्या केसमध्ये अडकलेले. दहा मिनिटं तर तिथेच गेली. मग ईसीजी. मशीन वरच्या वॉर्डात नेलेलं. ते येतं, तर कागदाचा रोल संपलेला. छाती घामाने निथळत असते, ती टॉवेलने कोरडी करायची, दाट केस असतील तर काढायचे, जेली लावायची, सहा रबरी बल्ब छातीवर आपापल्या जागी दाबून बसवायचे, चार क्लॅम्प हातापायांना. घामावरून एक बल्ब घसरतो, तो पुन्हा. रुग्ण थरथरत असला की रेघ हलते, मग त्याला हात सैल सोडायला सांगायचं, पुन्हा काढायचा. सगळं हाताशी असेल तर पाच मिनिटांचं काम. नसेल तर अर्धा तास कसा गेला ते कुणालाच कळत नाही.

काका : आणि ईसीजी निघाल्यावर?

पुतणी : तिथे तर खरा वेळ जातो. निवासी डॉक्टर तो सीनियरला पाठवतो, सीनियर कार्डिओलॉजिस्टला. मग कुणीतरी म्हणतं, ट्रोपोनिन येऊ द्या. ईसीजीवर एसटी भाग सरळ सरळ उचललेला दिसून राहिला आहे, दुखणं थांबत नाही, आणि आपण रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहतो! सुरुवातीच्या तासांत ट्रोपोनिन नॉर्मलही येऊ शकतं. स्टेमी म्हणजे पूर्ण बंद झालेली वाहिनी, तिचं निदान ईसीजीवर होतं. रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं काही कारण नाही.

यावर अमेरिकेत एक चांगलं काम झालं आहे, ते इथे मध्येच सांगतो. २००६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एलिझाबेथ ब्रॅडली आणि सहकाऱ्यांनी तिथली रुग्णालयं तपासून पाहिलं, की कुठे वेळ कमी लागतो आणि का. उत्तरात महागडं यंत्र कुठेच नव्हतं. कार्डिओलॉजिस्टची वाट न पाहता आपत्कालीन विभागाच्या डॉक्टरनेच कॅथ लॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची खोली, सुरू करायची. एकाच फोनवर सगळी टीम बोलवायची. टीमने वीस मिनिटांत हजर व्हायचं. ॲम्ब्युलन्समधून ईसीजी आला की रुग्ण वाटेत असतानाच तयारीला लागायचं. आणि प्रत्येक केसमध्ये किती मिनिटं लागली हे काम करणाऱ्यांना लगेच कळवायचं. ही कामं करणाऱ्या रुग्णालयांत दर कामामागे साधारण आठ ते एकोणीस मिनिटं वाचलेली दिसली. म्हणजे प्रश्न बराचसा अधिकाराचा होता. रात्री दोन वाजता तरुण डॉक्टरने "हा अटॅक आहे, लॅब उघडा" म्हटलं आणि सकाळी तो अटॅक निघाला नाही, तर त्याला बोलणी खावी लागतात की पाठीवर थाप मिळते, यावर मिनिटं ठरतात. आपल्याकडे उतरंड अजून घट्ट आहे, म्हणून हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो.

काका : ब्रॅडलीचं तुला ठाऊकच आहे, आता त्याच नियतकालिकातलं २०१३ चं ऐक. अमेरिकेने ही मोहीम जोरात चालवली. दारापासून फुग्यापर्यंतचा मधला वेळ ८३ मिनिटांवरून ६७ मिनिटांवर आणला, तीन वर्षांत. आणि रुग्णालयातले मृत्यू? आधी ४.८ टक्के, नंतर ४.७ टक्के. सोळा मिनिटं वाचवली आणि मृत्यू जवळपास जिथल्या तिथे. काहून?

पुतणी : मला माहीत होतं तुम्ही हे काढणार. त्याचं उत्तर २०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं. ब्रह्मजी नल्लमोथू यांच्या गटाने दाखवलं, की एकेका रुग्णाच्या पातळीवर पाहिलं तर ज्याला लवकर फुगा मिळाला तो जास्त वाचला. एकूण आकडा हलला नाही, कारण त्या वर्षांत अँजिओप्लास्टीसाठी येणारे रुग्णच बदलत गेले. म्हणून माझी दहा मिनिटं वाया जात नाहीत.

काका : वाया जातात असं मी म्हणतच नाही. मी म्हणतो, ती शेवटची दहा मिनिटं आहेत. आपल्या देशाचा आकडा बघ. क्रिएट नावाची मोठी नोंदणी झाली होती, २००१ ते २००५, पन्नास शहरांतली ८९ रुग्णालयं, वीस हजारांवर रुग्ण. दुखणं सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचायला मधला वेळ किती? ३६० मिनिटं. सहा तास! आणि रुग्णालयात आल्यापासून इंजेक्शन सुरू व्हायला? ५० मिनिटं. आता तूच सांग, झाडू कुठे मारायचा?

हे दोन आकडे शेजारी ठेवले की गप्प व्हायला होतं. नोंदणी जुनी आहे हे खरं, पण विदर्भातल्या कुठल्याही आपत्कालीन विभागात एक रात्र काढली तरी तिचा अर्थ समजतो. त्यात दुसरी एक गोष्ट मिसळून पाहा. गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनचे जुने अभ्यास एकत्र करून १९९६ मध्ये एरिक बोअर्स्मा यांनी मांडलं, की दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या तासात उपचार मिळाले तर दर हजार रुग्णांमागे ६५ जीव वाचतात, दुसऱ्या तासात ३७, तिसऱ्यात २६. पहिल्या दोन तासांत जी कमाई आहे ती पुढे नाही. सहा तासांनी आलेल्या माणसासाठी रुग्णालयाने जिवाचं रान केलं तरी तो मोठा हिस्सा हातून गेलेला असतो.

पुतणी : पण मग हे सहा तास जातात कुठे? तुम्ही म्हणता, घरी.

काका : घरी, गावात, रस्त्यावर. भिवापूरकडचा एखादा शेतकरी घे. पहाटे तीनला कळ आली. बायकोने ओवा-मीठ दिलं, छातीला तेल चोळलं. मे महिना असला तर सगळे म्हणतात, ऊन लागलं असेल, कांदा फोडा, पन्हं द्या. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात घाम कुणाला संशयाचा वाटणार? सकाळी सहाला गावातल्या डॉक्टरकडे. त्याने ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं, घरी जाऊन पडा म्हणाला. नऊला ग्रामीण रुग्णालय. तिथे ईसीजी निघाला, चिठ्ठी मिळाली, पुढील उपचारार्थ नागपूर. मग गाडी ठरवा, पैसे जमवा, मोठ्या भावाला शेतातून बोलवा. बाराला नागपूर. पहिल्या ठिकाणी बेड नाही. एकला तुझं दार.

पुतणी : काका, जरा मोजा. तीन ते सहा, तीन तास घरी. सहा ते एक, सात तास. या सात तासांत त्याला तीन ठिकाणी आपले लोक भेटले, डॉक्टर, दवाखाना, रुग्णालय. आणि तुम्ही उशिराचं खापर त्याच्या बायकोच्या ओव्यावर फोडता?

काका काही वेळ बोलत नाहीत. पुतणीने बरोबर दुखरी जागा पकडली आहे. उशीर म्हटलं की आपण पटकन लोकांचं अज्ञान काढतो. लोक उशिरा येतात, लोकांना कळत नाही, लोक आधी भगताकडे जातात. पण या माणसाने दिवस उजाडताच डॉक्टर गाठला होता. त्यापुढचा प्रत्येक तास वैद्यकाच्या हातातला होता.

काका : मानलं. गावातल्या डॉक्टरकडे ईसीजी मशीन असायलाच हवं. चाळिशीच्या वर माणूस, घाम, छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात ओढ, आणि मधुमेह असेल तर नुसती धाप किंवा मळमळ, एवढं दिसलं की आधी ईसीजी, मग ॲसिडिटी. आणि पहिला नॉर्मल आला म्हणून घरी पाठवायचं नाही. दुखणं चालूच असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढायचा. बायकांच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहायचं. त्यांचं दुखणं "टेन्शन" म्हणून सोडून देतात. पण तू त्या ग्रामीण रुग्णालयातल्या पोराला काय सांगशील? त्याला ईसीजी वाचता आला. अटॅक आहे हे कळलं. तरी त्याने चिठ्ठीच लिहिली.

पुतणी : का लिहिली? फ्रीजमध्ये इंजेक्शन असतं बऱ्याच ठिकाणी.

काका : मी त्या खुर्चीत बसलो आहे म्हणून सांगतो. रात्री तो एकटा. एका खोलीत बाळंतीण, दुसऱ्या खोलीत साप चावलेला पोरगा. इंजेक्शन दिलं आणि मेंदूत रक्तस्राव झाला, तर गाव दवाखाना फोडेल. चिठ्ठी लिहून रुग्ण वाटेत गेला, तर लोक म्हणतील नशीब. द्यायला हिंमत लागते आणि पाठवायला फक्त पेन. त्याला भित्रा म्हणणं सोपं आहे, बाप्पा. त्याच्या मागे कोण उभं आहे?

पुतणी : रक्तस्रावाची भीती खोटी नाही. २०१३ मध्ये स्ट्रीम नावाच्या अभ्यासात दुखणं सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आतले रुग्ण घेतले होते, ज्यांना तासाभरात अँजिओप्लास्टी मिळणार नव्हती. एका गटाला जागेवरच टेनेक्टेप्लेज हे गाठ विरघळवणारं इंजेक्शन दिलं, मग पुढे पाठवलं. दुसऱ्याला थेट अँजिओप्लास्टीसाठी नेलं. मृत्यू, शॉक, हार्ट फेल्युअर, पुन्हा अटॅक, हे सगळं मिळून इंजेक्शनच्या गटात १२.४ टक्के, दुसऱ्या गटात १४.३. म्हणजे इंजेक्शन मागे पडलं नाही. डोक्यातला रक्तस्राव एक टक्का, दुसरीकडे ०.२. म्हणून त्यांनी मध्येच पंचाहत्तरीच्या पुढच्यांचा डोस निम्मा केला. कुणाला द्यायचं नाही याची यादी ठरलेली आहे. अलीकडे पक्षाघात झालेला, नुकतं मोठं ऑपरेशन झालेलं, रक्तस्राव चालू असलेला, महाधमनी फाटल्याचा संशय असलेला. पाच मिनिटांत विचारून होतं.

काका : आणि इंजेक्शन दिलं की काम झालं?

पुतणी : अजिबात नाही. त्या अभ्यासात इंजेक्शनच्या गटातल्या छत्तीस टक्के लोकांना तातडीने अँजिओग्राफी लागली, मुख्यतः वाहिनी उघडली नव्हती म्हणून. बाकीच्यांची पुढच्या चोवीस तासांत करायची. इंजेक्शन द्यायचं आणि त्याच वेळी गाडीही काढायची. आपल्याकडे चूक तिथे होते. एक तर इंजेक्शन न देता पाठवतात, नाही तर इंजेक्शन देऊन तिथेच दोन दिवस ठेवतात.

काका : हे तुझ्या कॅथ लॅबवाल्या लोकांना मान्य आहे? त्यांना तर सगळ्यांना थेट टेबलवर घ्यायचं असतं.

पुतणी : रुग्ण शहरातला असेल, नव्वद-शंभर मिनिटांत टेबलवर येणार असेल, तर टेबलच चांगलं, त्यात वाद नाही. पण भिवापूर, नरखेड, पारशिवनीहून येणाऱ्याला "या, आम्ही इथे करतो" असं फोनवर सांगणं म्हणजे त्याचे दोन तास घेणं.

या मुद्द्यावर तामिळनाडूने आपल्यापेक्षा आधी हिशेब केला. कोइम्बतूरचे डॉ. थॉमस अलेक्झांडर यांनी छोटी रुग्णालयं आणि कॅथ लॅबची मोठी रुग्णालयं एकमेकांना जोडली. पहिल्या ठिकाणी ईसीजी आणि इंजेक्शन, मग ठरलेल्या ॲम्ब्युलन्सने ठरलेल्या मोठ्या ठिकाणी. २०१७ मध्ये त्यांनी २,४२० रुग्णांचा निकाल प्रसिद्ध केला. वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले होते. यंत्रं बहुतेक जुनीच होती, जोडणी नवी होती. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागानेही त्याच वाटेने "स्टेमी महाराष्ट्र" प्रकल्प सुरू केला, ज्यात छोट्या रुग्णालयातला ईसीजी दूरवर बसलेले तज्ज्ञ वाचून कळवतात. २०१४ पासून आपल्याकडे १०८ ची ॲम्ब्युलन्स आहे. सुरुवातीलाच ९३७ गाड्या होत्या, त्यांतल्या २३३ अतिदक्षतेच्या सोयीच्या, आणि गाडीत डॉक्टर असतो. साधनं अगदीच नाहीत असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

काका : साधनं आहेत, पण मी विचारलं ते तसंच आहे. तज्ज्ञाने दूरवरून सांगितलं "अटॅक आहे". पुढे? इंजेक्शन द्या असं कोण म्हणणार, कुणाच्या नावावर? रात्री अडीचला त्या पोराने नागपूरला फोन लावला तर उचलणार कोण? ऑपरेटर. तो म्हणणार, साहेब राउंडला आहेत.

पुतणी : मी उचलणार.

काका : तू?

पुतणी : आपत्कालीन विभाग चोवीस तास जागा असतो, काका. कार्डिओलॉजिस्ट घरी झोपलेला असू शकतो, आम्ही नाही. ईसीजी मोबाइलवर आला, मी पाहिला, यादी विचारली, वजन विचारलं, "दे" म्हणाले आणि माझं नाव लिहायला सांगितलं, तर त्या डॉक्टरची हिंमत दुप्पट होते. आणि तो रुग्ण माझ्याकडे निघाला की बेड आहे का, लॅब मोकळी आहे का, हे मी बघणार. त्याला धंतोलीत एका गेटवरून दुसऱ्या गेटवर फिरावं लागणार नाही.

काका : मग तुझं घड्याळ दारात सुरू होत नाही.

पुतणी : नाही होत. त्याचा पहिला ईसीजी निघाला तिथे सुरू होतं.

इथे दोघांचं थोडं जमलं, पण पूर्ण नाही. पैशांवर पुन्हा फाटलं.

काका : आता तुझ्या आतल्या मिनिटांकडे परत येऊ. ईसीजी निघाला, लॅब तयार आहे, आणि नातेवाईक कॉरिडॉरमध्ये उभे. डिपॉझिट किती, सही कोण करणार, पुण्याच्या मुलाला फोन लागत नाही. मी रुग्णासोबत गेलो आहे अशा वेळी. तासभर जातो.

पुतणी : जातो. आम्हीसुद्धा त्याला "नातेवाइकांचा उशीर" असं लिहून मोकळे होतो, हे मला पटत नाही. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, आणि तातडीच्या केसमध्ये आधी फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात. पण रात्री हे सांगायला योजनेचा माणूस खिडकीवर असला पाहिजे. आणि पैशांची गोष्ट करणारा माणूस वेगळा, आजाराची समजूत घालणारा डॉक्टर वेगळा असला पाहिजे.

काका : माणूस असला पाहिजे, असला पाहिजे! किती वर्षं ऐकून राहिलो. कुणी बेड नाही म्हणून परत पाठवलं तर?

पुतणी : ते बेकायदा आहे. १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं आहे, की सरकारी रुग्णालयाने वेळेत तातडीचे उपचार नाकारणं म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भंग. खाजगी रुग्णालयांनाही प्राथमिक तातडीचे उपचार टाळता येत नाहीत. बेड नसेल तर नसेल, पण स्ट्रेचरवर ईसीजी निघतो, ॲस्पिरिन देता येतं, इंजेक्शन देता येतं. नुसत्या ॲस्पिरिनचं घ्या. १९८८ च्या आयसिस-दोन अभ्यासात सतरा हजारांवर रुग्ण होते. रुपया-दोन रुपयांच्या त्या गोळीने पाच आठवड्यांतले हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचे मृत्यू तेवीस टक्क्यांनी कमी झाले. तिला बेड लागत नाही.

काका : हे मात्र पटलं.

माझं मत सांगायचं तर मी काकांच्या बाजूने अधिक आहे. दारापासूनची मिनिटं मोजणं सोपं आहे, कारण ती मोजणाऱ्याच्या इमारतीत घडतात. म्हणून रुग्णालयं तीच मोजतात आणि तीच जाहिरातीत छापतात. उमरेडच्या ग्रामीण रुग्णालयात गेलेले दोन तास कुणाच्याच खात्यावर नसतात. पण पुतणीने जे मान्य केलं, ते काकांनाही सुचलं नव्हतं. त्या तासांची जबाबदारी घेऊ शकेल असा एकच विभाग आहे, जो रात्री अडीचलाही जागा असतो, आणि तो नागपूरचा आपत्कालीन विभाग. म्हणून मला वाटतं, शहरातल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने आपल्या आपत्कालीन विभागात दर महिन्याला एक तक्ता लावावा. त्यात दारापासूनचा वेळ असावाच, पण त्याच्या शेजारी दुखणं केव्हा सुरू झालं, पहिला ईसीजी कुठे आणि केव्हा निघाला, तिथून फोन आला का, कुणी उचलला, इंजेक्शन तिथेच मिळालं का, हेही असावं. आणि रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरला दुसऱ्या दिवशी परत फोन जावा, तुमचा रुग्ण कसा आहे, तुम्ही दिलेल्या इंजेक्शनने वाहिनी उघडली की नाही. आज त्या डॉक्टरला आपल्या निर्णयाचं काय झालं हेच कळत नाही. मग पुढच्या वेळी तो हिंमत कशाच्या जोरावर करणार?

वाचकांना एक विनंती आहे, आणि ती आज संध्याकाळपर्यंत पूर्ण करण्यासारखी आहे. तुमच्या घरापासून सर्वांत जवळ असं कुठलं ठिकाण आहे, जिथे रात्री तीन वाजताही ईसीजी निघतो आणि तो वाचणारा डॉक्टर जागा असतो, हे चौकशी करून ठेवा. गावात असाल तर तुमच्या ग्रामीण रुग्णालयात गाठ विरघळवणारं इंजेक्शन ठेवलेलं आहे का, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा. नागरिक म्हणून तुम्हाला तो अधिकार आहे. छातीत दडपण, घाम, धाप किंवा हाता-जबड्यात ओढ आली आणि पंधरा मिनिटांत थांबली नाही, तर १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवू नका. गाडीतल्या डॉक्टरला पहिला प्रश्न विचारा, ईसीजी कुठे लवकर निघेल. आणि घरात कुणी "गॅस असेल, सकाळपर्यंत थांबू" म्हणालं, तर त्या एका रात्रीपुरतं त्यांचं ऐकू नका.